पांढऱ्या अक्षरांतले मामा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि संगणक वापरून घरात भांडण लावणाराही पहिला मीच.

लोणी भापकरला बहिणीचं, सुरेखाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. मानपानाची यादी मी स्प्रेडशीटमध्ये केली होती. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी. आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचा स्वभाव! तो कुणाला दिसू नये म्हणून अक्षरं पांढरी केली. पांढऱ्यावर पांढरं. ब्रह्मदेवालाही वाचता येणार नाही! (असा माझा अभ्यास.)

तेवढ्यात बातमी वाचली: त्याच सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडलीय, परक्याची फाईल उघडली की तो थेट आपल्या संगणकात शिरतो. ताबडतोब अपडेट करा! मी केलं. ते सात टक्क्यांवर जे बसलं, ते उठेचना!

"आई, यादी चोरीला जाणार!"

"कोन नेतंय? टॉवेल-टोप्या कपाटात हायत की!"

(शिक्षणाचा हा एक तोटा. घरात कुणाशी बोलायची सोय राहत नाही.) यादी सुखरूप राहावी म्हणून मी ती मोबाईलवरून गोतावळ्याच्या ग्रुपवर टाकली. खाली बजावलं, 'जपून ठेवा. कुणीही उघडू नका!'

पाच मिनिटांत झाडून साऱ्यांनी उघडली.

पहिला फोन पळसदेवहून, थोरल्या मामांचा. "भाच्या, माझ्या नावाफुडं रकाना मोकळा दिसला, म्हनून बोट ठिवलं. तर वरच्या पट्टीत काळं कुळकुळीत उमटलं, 'रुसतात. दोन फेटे तयार ठेवा.'"

"मामा, ते... मानाचे दोन!"

"व्हय का? आन् मामीफुडं 'जेवणाला नावं ठेवते' ह्यो कसला मान? आमी लग्नाला येत न्हाय!"

आई मटकन खाली बसली. "मामाबिगर पोरीला मांडवात कोन आननार? तुझा लॅपटॉप?"

तोवर मावशीचा फोन. "माझ्याफुडं कायबी लिवलं न्हाईस! मला काय रुसता येत न्हाय व्हय रं?"

सकाळी दोन्ही फेटे घेऊन मोटारसायकलवर पळसदेव गाठलं. मामा ओट्यावर, तोंड भिंतीकडं.

"मामा, चुकलं. खोटं लिहिलं मी."

"खोटं असतं तर राग आला असता का?" आतून मामी म्हणाली, आणि खळखळून हसली. मामांची मिशी हलली. भिंतीकडचं तोंड वळलं.

"तुझ्या नावाफुडं काय लिवलंस?"

"माझं नाव यादीत नाही, मामा."

"मग घाल! मी सांगतो, तू लिव. काळ्या अक्षरात!"

मी मोबाईल काढला. मामा सांगत गेले, मी लिहीत गेलो: 'लई हुशार. अक्षता पडेपर्यंत मोबाईल काढून घ्या.'

लग्नाच्या दिवशी मामा भाचीचा हात धरून दिमाखात मांडवात आले. माझा मोबाईल त्यांच्या खिशात! अख्ख्या यादीतली तेवढी एकच सूचना गोतावळ्याने एकमताने पाळली.