दोन रिकामे महिने

"मॅडम, सिस्टीमला वास आला वाटतं तुमचा."

ठाण्याच्या मुख्य कार्यालयातल्या हॉलमध्ये साहेब माइकवरून हे बोलला. साहेब म्हणायचं, पण वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. समोर सगळ्या शाखांचे मिळून साठेक लोक बसलेले. त्याच्या मागच्या पडद्यावर माझं नाव, माझं गाव, घरचा धंदा. खाली लाल पट्टी. कर्जास अपात्र.

आमची कंपनी लहान धंद्यांना कर्ज देते. यापुढे कर्ज कुणाला द्यायचं हे माणूस ठरवणार नाही, सिस्टीम ठरवणार, हे सांगायला आम्हाला बोलावलेलं. "कुणी स्वतःची माहिती देता का? खोटा अर्ज भरून बघू," साहेब म्हणाला. मी हात वर केला. मोठ्या हौसेनं. सिस्टीम शिकवण्यात माझाही हात होता, म्हणून.

तो विचारत गेला, मी सांगत गेले. वय चव्वेचाळीस. शिक्षण बी. कॉम. पत्ता डोंबिवली पश्चिम, खाडीकाठ. घरचा धंदा मासेमारी. भावाची होडी. कुठल्या महिन्यात किती येतं, तेही सांगितलं. जून आणि जुलै, शून्य. त्यानं बटण दाबलं आणि पट्टी लाल झाली.

मग ते वासाचं वाक्य. हॉल हसला. मागच्या रांगेतल्या एकानं नाक धरून दाखवलं. कल्याण शाखेतला होता तो, रोज माझ्या शेजारी बसून चहा पिणारा.

आणि मीही हसले. "हो ना सर," असंसुद्धा म्हणाले. त्याचं बोलणं मी एक वेळ विसरेन. माझं ते हसणं मला अजून गिळता येत नाही.

हे हसू जुनं आहे. कल्याणला कॉलेजात होते तेव्हा बाकावर माझ्या बाजूला जागा राहायची. कुणी काही बोलायचं नाही. नुसती दप्तरं पलीकडे सरकायची. मी हसून खिडकीकडे बघायची. नोकरी लागली तेव्हा गावातली मी पहिली मुलगी, जी टेबल-खुर्चीवर बसली. एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत एकदाही मी डब्यात मासळी नेली नाही. घरी कालवण उकळत असायचं आणि मी माझ्यापुरती वेगळी भेंडी परतायची. आई एकदा म्हणाली, "तुना आमची लाज वाटते का गो?" मी म्हटलं, "नाय गो, डबा सांडतो." खोटं बोलले.

माझं काम होतं घरी जाऊन माणूस बघायचं. कागद सगळेच आणतात. मी कागद पिशवीत ठेवायची आणि ओट्यावर बसायची. जाळं कसं ठेवलंय ते बघायची. फाटलेलं जाळं वेळेवर शिवणारा माणूस हप्ताही वेळेवर भरतो, हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. शेजारणीशी बोलायची. चहा घ्यायची. मग माझ्या डायरीत दोन ओळी लिहायची. त्या दोन ओळींवर कर्ज मंजूर व्हायचं. मी हो म्हटलेलं कर्ज बुडालं, असं फार क्वचित झालं.

आमच्याकडे पावसाळ्यात होडी काठावर उलटी घालतात. नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडला की मग पाण्यात. ते दोन महिने पुरुषांची कमाई बंद. पण घर बंद नसतं. तेव्हा बायकांचं सुकं चालतं. उन्हाळ्यात वाळवून डब्यांत भरलेला जवळा, बोंबील, करंदी. टोपली घेऊन दारोदार, बाजारात, थेट शीळफाट्यापर्यंत. सगळी रोकड. बँकेच्या पासबुकात त्यातलं काही उमटत नाही. पण त्यावरच आमच्यासारखी घरं पावसाळा काढतात, पोरांच्या वह्या-पुस्तकांसकट.

दोन वर्षांपूर्वी सिस्टीम बनवायला लॅपटॉपवाली मुलं आली. मला ठाण्याला बसवलं. थंडगार खोली, फिरती खुर्ची, मागितली की कॉफी. "मॅडम, तुमच्या डोक्यातलं सगळं आम्हाला हवंय." असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी फुगले. सहा महिने बसून जुन्या फायली भरून दिल्या, शेकड्यांनी.

महिन्याच्या कमाईचे बारा रकाने होते. भाजीवाल्यांच्या, शिंप्यांच्या फायली भरणाऱ्यांनी सरासरी काढून बाराही रकाने सारखे भरले. मी तसं केलं नाही. कोळ्यांच्या प्रत्येक फाईलला जून-जुलैत शून्य टाकलं. मला वाटलं, यंत्राला कळू दे आमची रीत. कळलं की ते दोन महिने हप्ता पुढे ढकलेल. मी स्वतः तसंच करायची. सुक्याच्या कमाईला मात्र रकानाच नव्हता. मी त्या मुलांना विचारलं, तर ती म्हणाली, "पुरावा नाही ना मॅडम, सोडून द्या." मी सोडून दिलं.

माया करायला गेले आणि गळा कापला.

हे मला हॉलमधल्या त्या प्रकारानंतर कळलं. कल्याणला परतल्यावर सरावाच्या सिस्टीमवर मी तोच अर्ज पुन्हा भरला. नाव तेच, गाव तेच, धंदा तोच. फक्त जून-जुलैत सुक्याची कमाई टाकली. पट्टी हिरवी. पुन्हा शून्य टाकलं. लाल. चार वेळा केलं. वास कसला आणि काय कसलं! सिस्टीमला दोन रिकामे रकाने दिसत होते, आणि ते मी माझ्या हातानं रिकामे ठेवले होते. माझ्या एकटीचे नाही, सगळ्या गावाचे.

साहेबाला फोन केला.

"सर, कोळ्यांचे सगळे अर्ज लाल होणार. माझी चूक आहे. दुरुस्त करू या."

"मॅडम, सिस्टीमला जात कळत नाही. ती आकडे बघते."

"आकडे मीच भरलेत सर. अर्धे भरलेत."

"आता मॉडेल फायनल झालंय. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. काठावरच्या होडीला पुढचं वर्ष नसतं, हे त्याला कुठून कळणार.

घरोघरी जाणारे आम्ही अकरा जण होतो. नऊ जणांना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. एकानं स्वतःच सोडलं, तो आता रिक्षा चालवतो. मला ठेवलं. का, तर ज्यांना सिस्टीम नाही म्हणते त्यांना फोन करून गोड बोलायला. "तुम्ही त्यांच्यातल्याच. तुमचं ऐकतील." समोर स्क्रीनवर वाक्य लिहिलेलं असायचं, तेवढंच वाचायचं. कारण सांगायचं नाही.

मी वाचत होते. घर चालवायचं होतं. मुलगी बारावीला. रोज वीस-पंचवीस लोकांना मी ते वाक्य वाचून दाखवलं, हेही लिहूनच ठेवते. मी काही धुतल्या तांदळाची नाही.

एका सकाळी यादीत वेणूकाकीचं नाव आलं. आमच्या घरामागचं घर तिचं. होडीचं इंजिन गेलेलं, नवं हवं होतं, नारळी पौर्णिमेच्या आत. नाहीतर तिच्या दोन्ही मुलांना दुसऱ्याच्या होडीवर मजुरीला जायची पाळी. याआधीची तिची दोन कर्जं मीच केलेली. एक हप्ता चुकला नव्हता.

मी वाक्य वाचलं. आपली पात्रता या वेळी पूर्ण होत नाही.

काकीनं विचारलं, "कोन नाय बोलला?"

"सिस्टीम, काकी."

"ती कोन? ती कवा आलेली माज्या घरा?"

मी स्क्रीनकडे बघितलं. पुढचं वाक्य लिहिलेलं नव्हतं.

"तू तं येवाची. ओट्यावर बसाची. मी कदी हप्ता चुकवला का?"

"नाही काकी."

"मंग तू गप का?"

तिनं फोन ठेवला नाही. वाट बघत राहिली. मीच ठेवला. उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. रागानं रडले, आणि राग सगळा माझ्यावरच होता.

त्याच आठवड्यात साहेबानं ठाण्याला बोलावलं. "मॅडम, चांगली बातमी आहे." आता फोनही यंत्रच करणार होतं. त्यासाठी माझा आवाज हवा होता. माझ्या बोलीत. मी दोन दिवस काही वाक्यं बोलायची, मग यंत्र माझ्या आवाजात पाहिजे ते बोलेल. "लोक आपल्या माणसाशी भांडत नाहीत," तो म्हणाला. माझे फोन त्यांनी ऐकले होते.

भिंतींना स्पंज लावलेली लहान खोली. माइक. एक संमतीपत्र. कंपनी माझा आवाज कायम वापरू शकते, असं त्यात होतं. आणि वाचायचा कागद. पहिलंच वाक्य होतं, "काकी, या टायमाला नाय जमला, पुढच्या टायमाला बगू."

काकी. आमच्यात कसं बोलतात हे त्या लॅपटॉपवाल्या मुलांना मीच कौतुकानं सांगितलं होतं.

मी पेन खाली ठेवलं. "सर, आधी ते दोन महिने दुरुस्त करा."

"मॅडम, इमोशनल होऊ नका. त्या दिवशीचं मनावर घेतलंत का? मजा होती ती."

"त्या दिवशी मी हसले. ते माझं चुकलं. आज हसत नाही."

"तुमच्या जागेवर दुसरी कोळीण मिळेल."

"शोधा. मिळाली तर तिला मी भेटेन."

संमतीपत्रावर सहीच्या जागी मी लिहिलं, 'कोळ्यांच्या फायलींत जून-जुलैचं शून्य मी भरलं. ते चूक आहे. आवाज देणार नाही.' खाली तारीख घातली. त्याची एक प्रत करून खाली टपाल घेतात त्या खिडकीवर दिली आणि शिक्का मारून पोच घेतली. आपल्याकडे पोच असल्याशिवाय बोललेलं कुणी मानत नाही, एवढं या धंद्यात मी शिकले आहे.

नोकरी अजून आहे. किती दिवस, माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी मी डायरी घेऊन गावात फिरते. ओट्यावर बसते. पावसाळ्यात किती सुकं विकलं, कुठल्या बाजारात, कुणी घेतलं, सगळं बायकांकडून लिहून घेते. खाली त्यांची सही, नाहीतर अंगठा. पहिला अंगठा वेणूकाकीचा. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. अंगठा उठवला आणि आत निघून गेली. बरोबर आहे तिचं. दर सोमवारी ते कागद मी ठाण्याच्या खिडकीवर देते आणि पोच घेते. कामावरून काढलं तरी देत राहणार. ती खिडकी सगळ्यांसाठी उघडी असते.

वेणूकाकीला नाही म्हणायचंच असेल, तर साहेबानं गावात यावं. तिच्या दारात, सुक्याच्या टोपलीसमोर उभं राहावं, आणि स्वतःच्या तोंडानं म्हणावं. माझ्या तोंडानं नाही.