नानांचे पाच प्रश्न

ऑफिसातले आमचे वरिष्ठ नाना कुणालाही पहिल्या भेटीत पत्ता विचारायचे आणि मिळालेला पत्ता कधीच मान्य करायचे नाहीत. मुलाखतीत मी "जळगाव" म्हणालो. "ते राहणं झालं. तुनं मूळ गाव कोणतं शे?" चाळीसगाव. "त्याच्या आधी?" पाचव्या प्रश्नाला मी पणजोबांच्या खेड्यात पोहोचलो आणि नोकरीला लागलो. सहावा प्रश्न ते विचारत नसत. म्हणायचे, "पुढे माणूस गोल फिरतो."

आम्ही वजनकाट्यांचे प्रोग्रॅम बनवायचो. प्रोग्रॅम काट्याची सेटिंग आपल्या शेजारच्या फाईलमधून उचलायचा, म्हणून आपण कुठे राहतो हे त्याला आधी कळावं लागे. लोक मात्र तो लिंकवरून उघडत. लिंक म्हणजे नुसती पाटी, घर भलत्याच फोल्डरात. "पाटीखाली अंथरूण टाकायचं नाही, घर गाठायचं," नाना म्हणत. त्यांचा कोड लिंकमागून लिंक उलगडत जायचा, पण मोजून पाच. तोवर घर सापडलं नाही, तर प्रोग्रॅम सुरूच होत नसे. पाचाची मर्यादा अशासाठी, की दोन लिंका एकमेकींकडे बोट दाखवू शकतात. "माझे दोन साडू तसेच. जीपची किल्ली विचारली की हा त्याच्याकडे पाठवतो, तो ह्याच्याकडे. पाच हेलपाटे झाले की मी बसने जातो."

मला कोडच्या त्या वीस ओळी म्हाताऱ्याची खोड वाटल्या. साफसफाई म्हणून मी त्या उडवल्या, कुणालाही न सांगता.

रावेरच्या केळी पॅकिंग सेंटरवर प्रोग्रॅम लिंकवरून उघडला आणि पाटीलाच घर समजला. तिथे माझीच चाचणीची जुनी सेटिंग पडलेली होती. दिवसभर प्रत्येक ट्रॅक्टरचं वजन कमी भरलं. संध्याकाळी शेतकऱ्यांनी काट्याला घेराव घातला. कोडच्या फाईलवर नाव नानांचं होतं. आमच्या मालकांनी त्यांना आधी रावेरला माफी मागायला पाठवलं, मग कायमचं घरी.

निघताना डबा पिशवीत घालत त्यांनी विचारलं, "ओळी कुणी काढल्या रे?"

"आधीच्या कुणीतरी काढल्या असतील, नाना."

"त्याच्या आधी?"

मी कीबोर्ड पुसत राहिलो.

"राहू दे. पाचांतले तीन वाचवतो," म्हणाले आणि जिना उतरले.

ओळी मी त्याच आठवड्यात परत घातल्या. धुळ्याला मुलाकडे नाना वारले, तेव्हा बाराव्याला जाऊन जेवूनही आलो. उरलेले तीन प्रश्न त्यांनी विचारले असते तर मी कबूल केलं असतं, असं मी अजून स्वतःला सांगतो. पाचव्यांदा सांगून झालं की थांबतो.