काकांच्या फ्रिजमधले थेंब

आमच्या गावात डोळ्यांचा डॉक्टर नाही, पण काका आहेत. काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गेली. गाडी का आली नाही असं विचारणाऱ्याकडे न बघता उत्तर द्यायची सवय त्यांना तिथे लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. पुढे एका शिबिरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण डोळ्यांविषयीचं ज्ञान काकांना मिळालं, अशी गावाची समजूत झाली. काकांनी ती कधी मोडली नाही.

ऑपरेशननंतर घालायला दिलेल्या थेंबांची बाटली थोडी उरली होती. ती फ्रिजच्या दारात, चिंचेच्या बरणीशेजारी उभी असायची. संपली की मुरबाडच्या मेडिकलमधून तसलीच दुसरी यायची. चिठ्ठी कोणी मागत नसे. डोळा लाल झालेला, खाजणारा, पाणी गळणारा, कचरा गेलेला कोणीही आमच्या ओट्यावर यायचा आणि म्हणायचा, "काका, ते थेंब घाला जरा." काका शिबिरात मिळालेला काळा गॉगल चढवायचे, माणसाची मान मागे करायचे आणि अंगठ्याने पापणी ओढून थेंब सोडायचे. बाटलीचं टोक पापणीला टेकायचं. त्याच टोकाने पुढच्या माणसाचा डोळा. एकाचे डोळे आलेले असले की लवकरच दुसऱ्याचेही यायचे, आणि काका गंभीरपणे म्हणायचे, "साथ जोरात हाय."

उघडलेली बाटली महिनाभरात टाकून द्यायची असते, असं मी एकदा म्हणाले होते. घरात मी फारशी बोलत नाही, त्यामुळे बोलले की सगळे वळून बघतात आणि मला ते वाक्य परत गिळावंसं वाटतं. काका म्हणाले, "तुमच्या इंग्लिश मिडियममध्ये टाकायलाच शिकवतात." सगळे हसले. ज्यांची पोरं तिसरीतही वाचत नाहीत, तेही हसले.

हे सगळं मी नुसतं बघत राहिले असते. माणसांना स्वतःच्या डोळ्यांचं जे करायचं ते करू दे. पण गेल्या वर्षी झोडणीच्या दिवसांत काकीच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलं.

काकीला एकच डोळा आहे. लहानपणी गोवर झाला आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग उरला. त्या बाजूने तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही. कोणाशी बोलायचं तर ती मान थोडी उजवीकडे फिरवते, म्हणजे डावा डोळा समोर येतो. लावणी, म्हैस, चूल, बाजार, सगळं त्या डाव्या डोळ्यावर चालतं. गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. निदान तिच्या नवऱ्याला तरी सांगावं लागू नये.

कुसळ डाव्या डोळ्यात गेलं.

खळ्यावर शेजारीण होती. तिने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि काकीच्या डोळ्यातून फिरवलं. ज्या पदराने ती सकाळपासून घाम आणि तूस पुसत होती, तोच. "निघालं बघ," ती म्हणाली. काकीने पुन्हा पेंढी उचलली. संध्याकाळी डोळा लालभडक झाला होता आणि पाणी थांबत नव्हतं.

"डोळे आलेत," काकांनी सांगितलं. काकांच्या मते डोळ्याला दुसरं काही होतच नाही. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, पापण्या चिकटतात, बहुतेक वेळा दोन्ही डोळे लाल होतात आणि घरात पसरतं. इथे एकच डोळा होता, चिपडं नव्हती, आणि काकीला दिव्याकडे बघवत नव्हतं. हे समजायला कॉलेज लागत नाही. समोर बसून बघावं लागतं. पण काकांनी गॉगल घातलेला होता.

दिवसातून तीनदा थेंब सुरू झाले. आणि लाली उतरली. खरंच उतरली. डोळ्याचा पांढरा भाग चार दिवसांत पांढरा दिसायला लागला. काकांनी काकीला ओट्यावर बसवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. "बघा, कसा झाला. पैल्यासारखा." लोक वाकून बघायचे आणि माना हलवायचे. काकीही म्हणाली, "बरं वाटतंय." ती लग्न झाल्यापासून हेच म्हणत आली आहे.

मी मात्र बघत होते की ती भाकरी थापताना दाराकडे पाठ करून बसते. दुपारी अंगणात आली की पदर कपाळावरून खाली ओढते. तांदूळ निवडताना हाताने चाचपते. डोळा दिसायला बरा आणि दुखायला जास्त, हे कसलं बरं होणं? मी आईला म्हटलं, आईने बाबांना सांगितलं, बाबांनी काकांसमोर विषय काढला आणि स्वतःच मागे घेतला. माझे बाबा मोठ्या भावासमोर हवामानाविषयीसुद्धा ठाम मत देत नाहीत.

शेवटी माझी कटकट बंद व्हावी म्हणून काका स्वतः काकीला धसईच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेले. वाटेत मी मनात एक वाक्य जुळवत होते: कुसळ लागलं होतं, ऑपरेशनचे थेंब घातलेत, दुखणं वाढतंय, आणि हा तिचा एकमेव चांगला डोळा आहे. डॉक्टर मोबाइलवर कोणाशी तरी प्लॉटविषयी बोलत होते. त्यांनी टेबलापलीकडूनच काकीकडे पाहिलं, बॅटरी काढली नाही, खुर्ची सरकवली नाही. काकांनी सांगितलं, "डोळे आल्ते, आता उतार हाय." माझ्या वाक्याचा पहिला शब्द तोंडातून निघाला तेव्हा डॉक्टरांनी हात वर केला आणि फोनवर म्हणाले, "नाय रे, रोडटचच पायजे." मग त्यांनी औषध लिहून दिलं. मेडिकलमधून तीच बाटली आली. फक्त नवी.

त्या बाटलीचा आनंद काकांच्या चेहऱ्यावर किती दिवस होता ते मला मोजवलं नाही. "शिकलेला मानूस बी तेच देतो," ते जीपमध्ये ड्रायव्हरला सांगत होते. एका अडाण्याच्या चुकीवर एका पदवीधराने सही करून दिली होती, आणि मागच्या सीटवर काकी डोळ्यावर तळहात धरून बसली होती.

नंतर एका सकाळी मी गोठ्याशी तोंड धूत होते. काका मुरबाडला एका लग्नाला गेले होते. काकी आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि पदर मागे केला.

"बघ गो जरा," ती म्हणाली. "यात बी फूल पडतंय का?"

मी तिची हनुवटी धरली. बुबुळावर, मधल्या काळ्या बाहुलीच्या जरा खाली, तांदळाच्या कणीएवढा राखाडी-पांढरा ठिपका होता. त्याच्या कडा पिसासारख्या पसरलेल्या होत्या.

"खरं सांग. मला काय नवं नाय."

"पडतंय, काकी."

तिने म्हशीकडे पाहिलं. किती दिसत होतं कोण जाणे. "मंग लुगडं बदलून येते," ती म्हणाली. "तू बी चप्पल घाल."

आईला आम्ही बाजारात जातो म्हणून सांगितलं. मुरबाडला उतरून शहापूरची गाडी पकडली, कारण तिथे डोळ्यांचा दवाखाना आहे हे मला माहीत होतं. वाटेत काकांचा फोन आला. काकीने तो कानाला उलटा धरला, मग सुलटा केला. "बाजारात हाय," ती म्हणाली. "भेंडी बघते." आणि बंद करून माझ्याकडे दिला. "परत वाजला तर वाजू दे."

शहापूरच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, चेहऱ्यावर अजिबात गोडवा नसलेल्या. काकी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "भातात लागलं?"

"हो."

"आणि मग ऑपरेशनचे ड्रॉप घातले."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कापणी-झोडणीत माझ्याकडे दुसरं कोणी येतच नाही. घराघरात कोणीतरी ऑपरेशन झालेला असतो." त्यांनी आवाज चढवला नाही. काकांविषयी एवढ्या शांतपणे बोलणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते फार आवडलं.

त्यांनी पिवळ्या रंगाच्या कागदाची पट्टी काकीच्या पापणीला लावली आणि निळा उजेड टाकला. ठिपका हिरवा चमकला. डोळ्याच्या पुढचा काचेसारखा पडदा तिथे सोलला गेला होता. मग डोळा बधिर करून त्यांनी जखमेची कड हलकेच खरवडली, ते काचेवर घेतलं आणि आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आल्या.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी काकीला समजावलं, मला नाही, हेही मला आवडलं. "कुसळानं ओरखडा पडला, त्यातून भातावरची बुरशी आत गेली. तुमच्या थेंबात स्टिरॉइड होतं. ऑपरेशननंतर सूज कमी करायला ते लागतं. पण ते डोळ्याची राखणही बंद पाडतं. वरून लाली गेली, आत बुरशीला रान मोकळं झालं."

काकी म्हणाली, "म्हंजी आमी खत घातलं."

"हो."

"माझा हा एकच हाय, बाई."

"दिसतंय मला. म्हणून ते थेंब आज बंद. हे दुधासारखं औषध, बाटली हलवून, तासातासाला. हे दुसरं दुखणं कमी करायला. पट्टी बांधायची नाही, पदर लावायचा नाही, चुलीपुढे बसायचं नाही. अनेक आठवडे लागतील. वाचेल की नाही हे मी आज सांगणार नाही."

घरी आल्यावर काकांना कळलंच. ते रागावले नाहीत, त्यांना वाईट वाटलं, ते स्वतःसाठी. "तासातासाला औषध? डोळा हाय का बैल हाय? दुकान चालवायचं आनी काय." मी मोबाइलवर गजर लावला आणि पुढचे आठवडे तो वाजला की उठून थेंब घातले. माझं काम लॅपटॉपवर, घरातूनच असतं. एवढ्यापुरता त्या नोकरीचा उपयोग झाला. चूल आईने सांभाळली.

माणसं भेटायला येत होती. आजारी माणसाला शांत पडू न देणं याला आमच्याकडे माया म्हणतात. एकीने मध सुचवला, एकीने गुलाबपाणी, एकीने बाळंतिणीचं दूध, आणि बाळंतीण कुठे मिळेल तेही सांगितलं. एक जण तर काकीची चौकशी करून झाल्यावर काकांकडे वळला आणि स्वतःचा डोळा दाखवून म्हणाला, "माझा बी खुपतोय. तुमचे ते थेंब हायेत का?" काकी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेली होती. काका म्हणाले, "हायेत ना. तिला नाय मानवले, परतेकाची परकृती येगळी." आणि उठले.

मी फ्रिजपाशी आधी पोचले. बाटली उचलली आणि मोरीत पिळून रिकामी केली. कोणाशी बोलावं लागलं नाही, हे सगळ्यात बरं झालं. काका दारात उभे राहून बघत होते. त्यांनी दुसरी आणलीही असेल. मी पुन्हा तपासलं नाही. सगळ्या गावाचे डोळे माझ्या ताब्यात नाहीत.

आम्ही शहापूरला पुन्हा पुन्हा गेलो. ठिपका आधी तसाच राहिला, मग त्याच्या कडा गोळा झाल्या, मग तो आक्रसला. शेवटच्या खेपेला बाईंनी निळा उजेड टाकला तेव्हा काही चमकलं नाही. "जखम भरली," त्या म्हणाल्या. "डाग राहणार. पण बाहुलीच्या खाली राहिला, मधोमध आला नाही. थोडं धुरकट दिसेल." त्यांनी समोरच्या तक्त्यावरची चित्रं विचारली. काकीने वरच्या ओळी धडाधड सांगितल्या, मधली अडखळत सांगितली, आणि खालच्यांना "ते तुमचं तुमाला" म्हणाली. बाई पहिल्यांदा हसल्या.

आम्ही परत आलो तेव्हा ओट्यावर बायका जमल्या होत्या आणि काका सांगत होते की पहिल्या दिवशी थेंब गेले म्हणून डोळा टिकला, नाहीतर शहापूरवालीच्या हाती काय लागलं असतं? काकीला बघून त्यांनी आवाज मोठा केला.

"काय गो, दिसतंय का? माझं तोंड दिसतंय का?"

काकीने मान उजवीकडे फिरवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "पुसट दिसतंय. तेवढं बरं हाय."

बायकांनी तोंडाला पदर लावले. काकाही हसले, आणि सगळ्यात जास्त वेळ हसले. काकी ओट्यावरून उतरून गोठ्याकडे निघाली. अंगणात कोणीतरी जळण पसरून ठेवलं होतं, वाकडीतिकडी लाकडं, मधूनच एखादं उघडं टोक वर आलेलं. मी हात धरायला पुढे झाले नाही. ती एकेक लाकूड बघून, चुकवून, पलीकडे गेली.