प्रश्नचिन्हांचं पुस्तक

आमच्या ताईला घरात सगळे भिंगरी म्हणतात. दूध गॅसवर ठेवून ती कपडे वाळत घालायला जाते, अर्धे कपडे दोरीवर टाकून फोन करायला येते आणि दूध उतू गेलं म्हणून माझ्यावर ओरडते. चुकून बसलीच, तर बोटं बसत नाहीत, मांडीवर टाइप करत राहतात. मी तिची धाकटी बहीण. आमच्या टायपिंगच्या दुकानात ती दाराजवळच्या कॉम्प्युटरवर असते आणि मी झेरॉक्सच्या मशीनवर. तिच्या घाईचं खापर बावीस वर्षं माझ्याच डोक्यावर फुटत आलं आहे.

पण अवघड चिन्हांच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कीबोर्डवर नसलेलं एकेक चिन्ह तिने कुठून कुठून उचलून एका फाइलमध्ये जमवलं होतं. त्या फाइलला ती बटणांचा डबा म्हणायची. हवं ते चिन्ह डब्यातून काढायचं आणि ओळीत बसवायचं. वर्गमूळ म्हणजे छप्पर, अनंत म्हणजे आडवा झालेला आठ. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपली बटणं शिवते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दहावीला गणितात ती काठावर पास झाली होती, त्यामुळे कोणी वाद घालत नसे.

मास्तर तिच्याकडे आले ते या चिन्हांमुळेच. निवृत्त गणित शिक्षक, वय एक्याऐंशी, आयुष्यभराचं एकच पुस्तक, एकोणीस प्रकरणांचं. हात इतका कापायचा की सही करायला त्यांना दोन मिनिटं लागायची. रोज चार वाजता ते जुन्या वहीची दोन पानं घेऊन यायचे. ताई टाइप करायची, मग स्क्रीनवर अक्षरं मोठी करून ते ओळ न् ओळ तपासायचे आणि तपासून झालं की वहीचं पान टराटरा फाडायचे. "एक गोष्ट दोन ठिकाणी असली की त्यातली एक चुकीची असते," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा म्हटलं, पानं ठेवा की, कुठे भाकर मागतायत. त्यांनी माझ्याकडे नापास मुलीकडे बघावं तसं बघितलं.

दोन वर्षांनी पुस्तक संपलं. छापखान्याच्या जुन्या मशीनला जुन्या पद्धतीची फाइल लागायची, म्हणून ताईने फाइल साठवण्याची पद्धत बदलली. नाव मात्र तेच ठेवलं. कॉम्प्युटरने विचारलं, काही अक्षरं कायमची नाहीशी होतील, चालेल का? कॉम्प्युटरने विचारलेलं वाचायची तिला सवयच नाही. वाक्य दिसायच्या आत तिचं बोट एंटरवर असतं. तिने फाइल बंद केली आणि पेनड्राइव्हवरच्या जुन्या प्रतीच्या डोक्यावर चढवलीसुद्धा. मग सहज म्हणून उघडली.

स्क्रीनभर प्रश्नचिन्हं होती. प्रत्येक अक्षराच्या, काना-मात्रेच्या, चिन्हाच्या जागी एकेक. मधेमधे इंग्रजी आकडे आणि एखादा x तेवढे तगले होते. बटणांचा डबा वेगळ्या फाइलमध्ये होता म्हणून वाचला, पण बटणं कुठल्या सदऱ्याला लावायची? ताईच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्याही तोंडचं पळालं, कारण वहीचं एक पानही या जगात उरलेलं नव्हतं.

तीन दिवस तिने मास्तरांना टाळलं. पुस्तक छापायला गेलं का हे विचारायला ते चार वाजता आले की ती मागच्या दाराने बाहेर, आणि मी काउंटरवर थापा मारत उभी. ती गल्लीच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. रात्री भाऊजींनी पाणी मागितल्यावर तिने रिकामा पेला दिला. चौथ्या दिवशी मीच मागच्या दाराला कुलूप लावलं. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही येत होती.

तिने मास्तरांना उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते चष्मा पुसून पहिल्या पानापासून खाली बघत गेले.

"काय उरलंय?"

"आकडे. आणि x."

"मग बरंच उरलंय," मास्तर म्हणाले. "बस."

दुसऱ्या दिवसापासून उलटी शिवण सुरू झाली. मास्तर आठवेल ते बोलायचे, ताई प्रश्नचिन्हं मोजायची. 'समजा'ला चार, 'म्हणून'ला सहा. जमलं की ओळ पक्की, नाही जमलं की पुन्हा. ती मधेच उठायची, खिडकी उघडायची, पंखा बंद करायची, पुन्हा बसायची. मास्तर तोवर ओळीवर बोट ठेवून थांबायचे. पहिली दहा प्रकरणं अशीच सहा महिन्यांत उभी राहिली. पुढे मास्तरांना ओळी आठवेनाशा झाल्या. डोळे मिटून ते म्हणायचे, "इथे काहीतरी होतं बघ." आणि ताईच सांगायची काय होतं ते. मला वाटायचं, बोटांना आठवतंय. तिलाही तसंच वाटायचं.

चौदाव्या प्रकरणात एके दिवशी मास्तर म्हणाले, "पुढे घाल, 'म्हणून दोन्ही बाजूंना n ने भागू.'"

"'म्हणून' नाही, मास्तर. इथे दोनच प्रश्नचिन्हं आहेत."

"मग मोजायला चुकलीस. 'म्हणून'च आहे ते. पुस्तक मी लिहिलंय."

"दोन नसती तरी 'म्हणून' आलं नसतं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "वरच्या ओळीत n शून्य असू शकतो म्हणालात ना तुम्ही? शून्याने कसं भागणार? 'पण' आहे ते. पण n शून्य नसेल तरच भागता येईल. पुढे सगळं प्रकरण त्या 'पण'वरच उभं आहे."

झेरॉक्सचं मशीन मी बंद केलं. मास्तरांनी खुर्ची जवळ ओढली, वरची ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"दोन वर्षं मला सांगत होतीस, बटणं शिवते म्हणून."

ताईने कीबोर्ड बाजूला सरकवला.

"उरलेली पाच प्रकरणं मला नाही आठवली तरी लिहून काढशील?"

"प्रश्नचिन्हं मोजून?"

"मोजू नकोस. तुला येतंय ते. या वेळी मी पानं फाडणार नाही. एक प्रत माझ्याकडे असू दे, एक तुझ्याकडे." 'तुझ्याकडे' म्हणताना त्यांनी स्वतःच्या डोक्याला बोट लावलं.

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी कागद मोजायला घेतले. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तिचं एकही बोट हलत नव्हतं.