शेजारच्या दारातलं ‘कोण?’

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात एकदा शेजारच्या आजींचं पार्सल चुकून माझ्या दाराशी आलं. आधीच बर्फानं जीव नकोसा झालेला, त्यात हे काम. कुरकुरतच त्यांचं दार ठोठावलं, तर आतून खणखणीत आवाज आला, "कोण?"

मला वाटलं, आत एखादी कोकणातली मावशीच बसली आहे. दार उघडलं, तर फुलाफुलांचा स्कार्फ बांधलेली अमेरिकन म्हातारी.

आजी रोमा होत्या. जग त्यांना जिप्सी म्हणतं आणि तो शब्द ऐकला की आजींच्या कपाळाला आठी पडायची. त्यांचे पूर्वज फार पूर्वी हिंदुस्थानातून निघालेले, म्हणून रोमानी भाषेतही कोण म्हणजे कोणच. मग हिवाळाभर आमचा एकच खेळ चालला. त्या नाकाला हात लावून ‘नाख’ म्हणायच्या, कान धरून ‘कान’, नळाकडे बोट दाखवून ‘पानी’, आणि आम्ही दोघी पोरींसारख्या खिदळायचो.

त्यांची मुलगी रविवारी यायची. तिला यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"मीच शिकवलं नाही," आजी म्हणाल्या. "वर्गात काही हरवलं की आधी माझं दप्तर उपसायचे. तिला सांगितलं, कुणी विचारलं तर आपण ग्रीक आहोत म्हण."

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते मात्र ठरवता येईना.

पुढच्या वर्षी आजींना पक्षाघाताचा झटका आला. त्यात इंग्रजी पार पुसलं गेलं, राहिली ती फक्त रोमानी. मुलीनं मला हॉस्पिटलमध्ये बोलावून घेतलं. जणू मी मोठी दुभाषीच! नाक, कान, पाणी एवढंच माझं भांडवल.

आजी मुलीकडे बघून विचारत होत्या, "कोण?"

"युअर डॉटर, मॉम," ती पुन्हापुन्हा सांगत होती. मग तिनं माझा दंड धरला. "डॉटरला काय म्हणतात? प्लीज, तेवढं तरी सांग."

ते मी कधी विचारलंच नव्हतं. तरी मुलीकडे बोट दाखवून सुचेल ते बोलत सुटले. मुलगी. लेक. पोरगी. बेटी. मला रडू फुटलं.

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग आधी माझ्याकडे, नंतर तिच्याकडे पाहिलं, आणि अगदी परक्या माणसाला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "कोण?"