पुसलेला अंगठा

अंगठा घेऊन झाला की वकीलसाहेब खिशातून रुमाल काढायचे आणि कैद्याच्या अंगठ्याची शाई स्वतः पुसायचे. आधी पेर, मग नखाची कड. कैदी हात मागे ओढायचा. "ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणायचा. साहेब हात सोडत नसत.

"तुझं काम झालं. आता ही शाई कशाला वागवतोस?"

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तुम्ही नगरच्या कोर्टात गेला असाल, तर त्यांना पाहिलंच असेल. काळा कोट, खाली धोतर, आणि कोटाच्या उजव्या खिशावर न जाणारा डाग. त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनी रुमाल घासता घासता विचारायच्या, "माझं लग्न वकिलाशी लागलं की छापखान्यातल्या माणसाशी?"

मी कोर्टाजवळच्या एका खोलीत टाइपरायटर घेऊन बसत असे. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते, नवरा लवकर गेला होता, काम हवं होतं. माझ्याबद्दल एवढं पुरे.

खुनाचा आरोप असलेल्या ज्या माणसाला वकील परवडत नाही, त्याला कोर्ट वकील नेमून देतं. असे बरेच खटले साहेबांकडे येत. नेमलेल्या वकिलाचं काम निकालाबरोबर संपतं. फाशीची शिक्षा झाली तर मुंबईला अपील करायला सात दिवस मिळतात आणि ते कैद्यानं तुरुंगातून पाठवायचं असतं. निकालाच्या दिवशी इतर वकील घरी जात. साहेब माझ्या खोलीत येत. "बाई, कागद लावा."

बाररूममध्ये त्यांची चेष्टा चाले. एक जाडजूड वकील म्हणायचे, "तुमचे अशील दुसऱ्यांदा काही येत नाहीत हो. तुमचं नाव व्हायचं कसं?"

"दुसऱ्यांदा येऊ नयेत म्हणूनच धडपडतो," साहेब म्हणायचे.

त्यांची एक रीत होती. अपील इंग्रजीत असे. ते कैद्यासमोर बसून प्रत्येक कलम मराठीत सांगत, तेही त्याच्या गावच्या बोलीत. त्याला पटलं नाही तर कलम बदलत. शेवटी कागदावर लिहीत, "वाचून दाखवले", आणि मगच अंगठा घेत. मी एकदा म्हटलं, "एवढं कशाला? त्याला कायद्यातलं काय कळतं?" तर म्हणाले, "फाशी त्याला व्हायची आहे ना? मग बोलणं त्याचंच पाहिजे."

किसन तिसगावकडचा शेतकरी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत्याशी भांडण झालं आणि चुलता डोक्यात घाव बसून मेला. किसनचं म्हणणं एकच होतं. "मी पोचलो तवा त्यो पडल्याला हुता. मी न्हाई मारलं." पण दोन साक्षीदार उलट बोलले आणि त्याला फाशीची शिक्षा झाली.

साहेब तुरुंगात भेटायला गेले तर तो जिवाबद्दल काही बोललाच नाही. त्याची मुलगी नवी नवी नांदायला गेली होती. सासरच्यांनी तिला बजावलं होतं, बापानं स्वतःच खून कबूल केला तर माहेरी परत जा.

"साहेब, येवढंच लिवा का मी मारलं न्हाई. मंग सोडूंद्या न्हाईतर लटकूंद्या."

साहेब माझ्या खोलीत येऊन दोन दिवस नुसते कागद चाळत बसले. साक्षीदार पक्के होते. नुसतं नाकारून अपील टिकणार नव्हतं. एकच वाट होती. घाव किसननं घातला असं धरलं, तरी तो अचानक भांडणात, रागाच्या भरात, असं एक कलम घालायचं. त्यानं फाशी टळली असती.

"तो हे कबूल करणार नाही," साहेब म्हणाले.

"जीव वाचतोय ना? मग घाला," मी म्हटलं. "मेलेल्या बापाचा मुलीला काय उपयोग?"

ते कलम मी टाइप केलं. सातवं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मीही तुरुंगात गेले. काही बदल निघाला तर तिथंच करून कागद द्यायचा होता. किसन गजांपलीकडे उकिडवा बसून, मान हलवत ऐकत होता. साहेबांनी सहावं कलम सांगितलं आणि मग आठवं. मी वर पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही बोलले नाही.

"समदं माजंच हाय न्हवं?" किसननं विचारलं.

"तुझंच आहे," साहेब म्हणाले. "वाचून दाखवले" असं लिहिलं, अंगठा घेतला आणि नेहमीसारखा पुसला. त्या दिवशी जरा जास्त वेळ पुसला.

फाशीची जन्मठेप झाली. मी खूश झाले. मग निकालाची नक्कल आली. त्यात न्यायाधीशांनी लिहिलं होतं की रागाच्या भरात घाव घातला असं खुद्द आरोपीतर्फेच मांडलं आहे. 'असं धरलं तरी' हे त्यातून गळालं होतं. गावात तर ते एका वाक्यात पोचलं, किसननं कबूल केलं. मुलीला सासरच्यांनी तिच्या ट्रंकेसकट किसनच्या शेताच्या बांधावर आणून सोडलं.

साहेब पुण्याच्या तुरुंगात त्याला भेटायला गेले. परत आले ते सरळ माझ्या खोलीत. मी चहा ठेवला. तो घेता घेता त्यांनी भेटीचं सांगितलं.

किसन म्हणाला होता, "इचारायचं हुतं साहेब. मी न्हाई म्हनलो असतो."

"म्हणून तर नाही विचारलं," हे साहेबांचं उत्तर.

किसन गजांपासून उठून गेला. पुढे साहेब आणखी तीनदा गेले, पण तो भेटीला बाहेर आला नाही.

"माणूस जिवंत आहे ना?" मी म्हटलं.

"आहे. तेवढंच आहे."

त्यानंतर त्यांनी नेमणुकीचा एकही खटला घेतला नाही. दिवाणी दावे चालवायचे, वेळेवर घरी जायचे. मला हे पटलं नाही. एकाच्या बाबतीत चुकलं म्हणून बाकीच्यांना कुणाच्याही हवाली करायचं? मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "बाई, पुन्हा वेळ आली तर मी तेच कलम तसंच न विचारता घालेन. म्हणूनच नको." खरं सांगायचं तर आजही कोणी विचारलं तर मी "घाला" म्हणेन. फक्त आता ते म्हणायला वेळ लागेल.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. तेराव्यानंतर मी घरी गेले, तेव्हा वहिनी कपडे आवरत होत्या. काळा कोट पलंगावर होता.

"शेवटची चार-पाच वर्षं मला रुमाल घासावे लागले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "माणूस म्हातारपणी टापटिपीचा झाला."

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि रुमाल काढून माझ्या हातात दिला. पांढरा स्वच्छ होता. इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.