बायकांच्या बगीच्यातलं हळदीकुंकू

माझं काम लोकांना घरी घालवण्याचं होतं. कागदोपत्री मी बायकामुलांच्या बगीच्याची व्यवस्थापिका होते. झोपाळ्यांच्या साखळ्या तपासणं, माळ्याशी भांडणं, नळाखाली पाय धुणाऱ्यांना हटकणं, दहा वर्षांवरच्या मुलग्यांना फाटकातूनच परत पाठवणं, हे सगळं त्यात आलंच. पण खरं काम दिवेलागणीला. फाटकाजवळच्या खांबाला टांगलेली घंटा मी वाजवली की बायका पदर सावरत उठायच्या, मुलांच्या नावाने हाका मारायच्या आणि बघता बघता बगीचा ओस पडायचा. माझी खोली फाटकाला लागूनच होती. त्यामुळे मला जायचं कुठेच नसे. कुलूप लावायचं आणि वळायचं.

गर्दीत राहून एकटं कसं राहावं हे ज्याला शिकायचं असेल त्याने बगीच्यात नोकरी करावी.

नवरा होता. आहे असंच म्हणायला हवं, कारण तेव्हा तो जबलपूरला दुसऱ्या बाईबरोबर सुखाने नांदत होता. माहेर उमरेडकडचं, शेती भावाच्या हातात. मी गेले की वहिनी पाण्याच्या तांब्याबरोबरच “किती दिवस राहणार वं?” असं विचारायची. तांब्या हातात घ्यायच्या आधी उत्तर द्यावं लागे. म्हणून मी जाणंच सोडलं. सातवीपर्यंत शिकले होते आणि वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ बगीच्यांच्या कमेटीत होते, त्यामुळे ही नोकरी मिळाली. नोकरीबरोबर खोली आली. कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, आणि दोन्ही माझ्या हक्काची होती. यावर माझं कोणाशीही भांडायची तयारी असे. पंचाईत एवढीच की भांडायला कोणी येतच नसे.

बगीचा धरमपेठेच्या अलीकडे होता. येणाऱ्या बायका बहुतेक सचिवालयातल्या कारकुनांच्या आणि हेडक्लार्कांच्या. निम्म्या मराठी, निम्म्या हिंदी बोलणाऱ्या. त्यांचं एक मंडळ होतं आणि दर संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू बगीच्यात व्हायचं. सतरंज्या मी घालायची, पाणी मी भरायची, पोरांना झोपाळ्यावर गुंतवून ठेवायची ती मीच. कुंकवाचं तबकही माझ्याच हातात असे. अध्यक्षबाई माझ्या हातातल्या तबकात बोट बुडवायच्या आणि ओळीतल्या एकेकीला कुंकू लावत पुढे सरकायच्या. ओळ संपली की म्हणायच्या, “ठेवा आता तिकडे.”

मला लावायचं कधी कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा नेमकं तेवढंच लक्षात होतं. मी हाताखालची बाई म्हणून वगळली जात होते की टाकलेली बाई म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका वर्षी वाटे, अगं, माळ्याला तरी कोण तिळगूळ देतं? दुसऱ्या वर्षी वाटे, नाही, यांना सगळं ठाऊक आहे. विचारायची सोय नव्हती. मी आपली तबक नेऊन ठेवायची आणि त्या संध्याकाळी झोपाळ्यावरच्या पोरांवर जरा जास्तच खेकसायची.

मग राजधानी गेली. नागपूरचं सचिवालय भोपाळला निघालं, आमच्याकडचे जिल्हे मुंबईला जोडले गेले. कारकुनांची वाटणी झाली. कोणी भोपाळ, कोणी मुंबई. दिवाळीच्या सुमाराला रोज कोणा ना कोणाच्या दारात ट्रक उभा दिसे. बायका निरोप घ्यायला बगीच्यात यायच्या, पण एकमेकींचा. मला फाटकातून जाताना म्हणायच्या, “बरं आहे हं बाई.” पोरांनी शेवटचे झोके घेतले. एका पोरीने झोपाळ्याची साखळी घट्ट धरून ठेवली होती, तिची बोटं आईने एकेक करून सोडवली. मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिला निदान रडता तरी येत होतं.

थंडी पडेपर्यंत बगीच्यात संध्याकाळी चार बायका आणि पाच-सात पोरं उरली. घसरगुंडीवर पानं साचायची. घंटा वाजवायची मला लाज वाटू लागली, पण नियम म्हणून वाजवायची.

अशात कमेटीचे एक सभासद पाहणीला आले. कोट, टोपी, हातात काठी. त्यांनी काठीने रिकाम्या बाकावर टकटक केलं.

“बाई, इथे तर कावळेच दिसतात.”

“थंडीचे दिवस आहेत साहेब. उन्हाळ्यात येतील.”

“येणाऱ्या भोपाळला गेल्या,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “एका क्लबाचा अर्ज आहे बॅडमिंटनसाठी. जागा पडीक ठेवायची तरी कशी? तुमचं ते संक्रांतीचं असतं ना, तेव्हा मी येऊन जाईन. बायका येतात असं दिसलं तर बोलता येईल.”

बगीचा गेला तर नोकरी जाणार आणि खोलीही जाणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. वहिनीचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मंडळातल्या उरलेल्या तिघींकडे गेले. त्या म्हणाल्या, यंदा कशाला, आपणच तिघीचौघी. चौघी म्हटलं म्हणून क्षणभर बरं वाटलं, मग कळलं की चौथी कोणी वकिलीणबाई होत्या.

मग मीच बोलवायचं ठरवलं. आता बोलावणं म्हणजे नुसतं सांगणं नव्हे. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन सवाष्णीने दारात जायचं, घरच्या बाईला कुंकू लावायचं आणि या म्हणायचं. लग्नातला करंडा माझ्या पेटीच्या तळाशी होता. तो घासला, ताजं कुंकू भरलं आणि बगीच्यामागचा नाला ओलांडला. तिथे विणकरांची वस्ती होती. बऱ्याच घरांतले माग बंद पडले होते, पुरुष गिरणीत जात आणि बायका घरी विड्या वळत. इतकी वर्षं त्यांची छपरं मला माझ्या खिडकीतून दिसत होती, आणि त्यांतली एकही बाई कधी बगीच्यात आली नव्हती.

पहिल्या दारात एक म्हातारी तेंदूची पानं कातरत बसली होती. मी उभी राहिले.

“काय वं बाई, मोजनीले आली काय?”

“नाही मावशी. हळदीकुंकवाचं बोलावणं आहे. नाल्यापलीकडच्या बगीच्यात.”

“कोनाकडून?”

मंडळाकडून म्हणावं की कमेटीकडून, मला सुचेना. “माझ्याकडून,” मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवली आणि मला पायापासून कपाळापर्यंत न्याहाळलं. “नवरा हाय ना वं तुले?”

“आहे.”

“कुठी राहते?”

“जबलपूरला.”

“आन तू इथी.” तिला सगळं समजलं हे मला दिसलं, आणि आता ती ‘बरं, पाहू’ म्हणेल म्हणून मी मागे फिरायच्या तयारीत होते. तिने कपाळ पुढे केलं. “हाय तर हाय. मंग लाव ना कुकू, काहून लाजून राहिली?”

मी लावलं. टिकली तिरकी गेली. तिने लगेच माझ्या हातातला करंडा घेतला आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं, चांगलं जाडजूड, विड्यांच्या तंबाखूचा वास असलेल्या बोटाने. रीतच आहे ती. लावून घेणारीने लावणारीला लावायचं. तिने काही उपकार केला नाही, नुसती रीत पाळली. मला मात्र तिथेच बसकण मारून रडावंसं वाटलं. मी रडले नाही, कारण शेजारच्या दारातून दोन बायका बघत होत्या. पुढच्या सगळ्या घरी म्हातारी माझ्याबरोबर आली आणि “ह्या बाईकडं जाचं हाय आपल्याले” असं स्वतःच सांगत सुटली.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी त्या आल्या. धुतलेली नऊवारी, तेल लावलेले केस, कडेवर पोरं, हाताला पोरं. मी वीसेक बायकांची सोय केली होती. सतरंज्या पुरेनात, तशा त्या हिरवळीवर बसल्या. झोपाळ्यांवर पोरांची नुसती झुंबड. वाण म्हणून मी तुळशीची रोपं ठेवली होती. बगीच्याच्या कुंपणाशी ती आपोआप उगवतात, त्यांची सरकारदरबारी नोंद नाही. पळसाच्या द्रोणात ओली माती घालून एकेक रोप लावलं होतं. मंडळाच्या तिघीही आल्या होत्या. एका बाजूला उभ्या होत्या.

तबक घेऊन मी सवयीने त्यांच्यातल्या थोरल्या बाईंपाशी गेले आणि पुढे धरलं. त्यांनी बोट बुडवलं, तोच मागून म्हातारीचा आवाज आला.

“अवं, बोलावनं तुह्यं, आन लावते कोन? तू लाव.”

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. थोरल्या बाईंनी बोट रुमालाला पुसलं. त्या तशा समजूतदार. म्हणाल्या, “खरंच. तुमचंच आहे आज.” आणि आपलं कपाळ पुढे केलं. मी आधी त्यांना लावलं, मग ओळीने एकेकीला. प्रत्येकीने मला उलट लावलं. शेवटी माझ्या कपाळावर कुंकवाचा थर जमला आणि नाकावर सांडू लागला. पोरीबाळी हसायला लागल्या. मीही हसले. कमेटीचे सभासद फाटकात उभे राहून बघत होते. पुरुष म्हणून आत आले नाहीत. जाताना म्हणाले, “अहो, ही तर जत्राच आहे. अशी वर्दळ राहिली तर क्लबाला दुसरीकडे जागा पाहता येईल. मी चैत्रात पुन्हा येतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बऱ्याच वर्षांत आनंदाने झोप उडाली नव्हती, त्यामुळे आधी ओळखूच आलं नाही काय होतंय ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी झोपाळ्यांना तेल घातलं आणि फाटकात उभी राहिले. कोणी आलं नाही. म्हटलं, दमल्या असतील. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. खिडकीतून मला त्यांचा धूर दिसे, पोरं नाल्यात दगड मारताना दिसत. बगीच्यातल्या झोपाळ्यांपासून नाला शंभर पावलांवरही नव्हता. मला राग आला. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि गरज सरो वैद्य मरो! तणतणतच नाला ओलांडला.

म्हातारीने बसायला गोणपाट टाकलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. दारात द्रोणातली तुळस फुटक्या मडक्यात लावलेली होती, दोन नवी पानंही आली होती. माझा राग जरा ओसरला.

“मावशी, तुम्ही कोणी येत कशा नाही?”

“आलो नाही काय बाप्पा? समद्या आलो.”

“तसं नाही. रोज. संध्याकाळी. पोरांना घेऊन.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तू बोलावलं, आमी आलो. आता रोज रोज तुह्या घरी येऊन बसाव काय? लोकं काय म्हनतीन?”

“ते माझं घर नाही हो! बगीचा आहे. सगळ्यांचा आहे. सरकारी आहे.”

“सरकारच्या घरी कोन जाते वं हळदीकुंकवाले?” म्हातारी हसली. बाकीच्याही हसल्या. “तू दारात आली, कुकू लावलं, म्हनून आलो. आता पाळी तुही. चहा घे.”

मी परोपरीने सांगितलं. बगीचा म्हणजे काय, कमेटी म्हणजे काय, फाटकावरच्या पाटीवर ‘स्त्रिया’ लिहिलंय त्यात त्याही आल्या. त्या माना डोलावत होत्या, पण समजूत घालायला आलेल्या पाहुणीपुढे डोलावतात तशा. रोज बोलवायला आले तर रोज याल का, असंही विचारून पाहिलं. सून म्हणाली, “असं रोज बोलावते काय कोनी? येडी हाय का वं तू?” तिचं म्हणणं बरोबरच होतं. मी चहा प्यायले. तिने त्यात माझ्यासाठी साखर जास्त घातली होती.

चैत्रात कमेटीचे सभासद आले तेव्हा बगीच्यात मी, माळी आणि एक म्हातारं कुत्रं एवढेच होतो. ते झोपाळ्यांपर्यंत जाऊन आले. मग हळू आवाजात म्हणाले की क्लबाला जागा द्यायचं ठरलंय, पावसाळ्याआधी मला खोली सोडावी लागेल, दुसरीकडे काही जमलं तर ते पाहतील. मी हो म्हटलं. ते फाटकापर्यंत गेले आणि परत वळले.

“पण बाई, त्या दिवशी एवढ्या बायका आल्या होत्या, त्यांचं झालं काय?”

“त्या बगीच्यात आल्याच नव्हत्या साहेब.”

“म्हणजे? मी डोळ्यांनी पाहिलं ना.”

“त्या माझ्याकडे आल्या होत्या,” मी म्हटलं. “माझ्या घरी.”

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या खोलीकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नाही. इतकी वर्षं मी तिथे राहिले, पण त्या खोलीला पहिल्यांदाच घर म्हटलं होतं, आणि आता पावसाळ्याआधी ते मला सोडायचं होतं.